सोलापूरचे डॉक्टर, गेगुंगचे मास्तर

चीनच्या उत्तर भागात हबेई नावाचा प्रांत आहे. या प्रांताच्या पश्चिम कडेने थायहांग पर्वताची रांग गेली आहे. तिच्या पायथ्याशी तांग नावाचा तालुका आणि त्या तालुक्याच्या डोंगराळ भागात गेगुंग नावाचे एक खेडे आहे. आपल्याकडच्या फारच थोड्या लोकांनी या गावाचे नाव ऐकले असेल. परंतु आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांनी आयुष्याची शेवटची दोन वर्षे याच मुलखात काढली, याच गावात संसार मांडला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी इथेच देह ठेवला. त्या वेळी त्यांचे वय अवघे ३२ वर्षांचे होते.

कोटणीसांचे नाव जुन्या पिढीला चांगले ठाऊक आहे. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला व त्यातील डॉक्टरांची भूमिकाही स्वतःच केली. परमुलखात जाऊन जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, अशी त्यांची मूर्ती आपल्या मनात बसली आहे. ती खोटी नव्हे. परंतु गेगुंगला गेल्यावर कोटणीसांची दुसरी ओळख मला पटली. ते तिथे मास्तर होते. शेतकऱ्यांच्या पोरांना शस्त्रक्रिया शिकवणारे, त्यांच्याच भाषेत त्यांच्यासाठी पुस्तक लिहिणारे मास्तर. माझी सारी नोकरी शेतकऱ्यांना चार नव्या गोष्टी शिकवण्यात गेली. म्हणून असेल, पण डॉक्टरकीपेक्षा त्यांची ही मास्तरकीच मला अधिक मोलाची वाटली. तिच्याविषयी वाचकांना सांगावे यासाठी हा लेख लिहीत आहे.

राळ्याचा मुलूख

२०१८ हे वर्ष आपल्या देशाने भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. त्या वर्षी सप्टेंबर महिन्यात शेतकऱ्यांच्या एका अभ्यास दौऱ्याबरोबर मी हबेई प्रांतात गेलो होतो. शीच्याच्वांग हे त्या प्रांताचे राजधानीचे शहर. तेथील राळ्याचे संशोधन आम्हांला पाहायचे होते. उत्तर चीनमध्ये राळा हे हजारो वर्षांचे जुने पीक आहे. आपल्याकडे राळा आता आजीच्या गोष्टीत उरला आहे. तिकडे मात्र सकाळच्या न्याहारीला राळ्याची पातळ पेज अजून घरोघर लागते.

आमच्या तुकडीत मंगळवेढ्याचे एक वयस्कर शेतकरी होते. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचे कोठार. शेतात कापणीला आलेली राळ्याची वाकलेली, पिवळी धमक कणसे पाहून ते बांधावरच थांबले. कणीस हातात घेऊन त्यांनी चार दाणे तळहातावर चोळले, तोंडात टाकले आणि म्हणाले, “साहेब, आमच्या आज्याच्या रानात हेच होतं. उपासाच्या दिवसांत पोराबाळांना यानंच जगवलं.”

राळ्याचे काम आटोपल्यावर एक दिवस मोकळा होता. सोलापूरकडच्या मंडळींनी आग्रह धरला की कोटणीस डॉक्टरांचे गाव पाहिल्याखेरीज परतायचे नाही. शीच्याच्वांगपासून उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर तांग तालुका लागतो. सपाट गव्हा-मक्याचा प्रदेश संपला की जमीन हळूहळू चढू लागते. माती पिवळसर, मुरमाड. डोंगराच्या उतारावर दगडी ताली घालून पायऱ्यापायऱ्यांची शेते केलेली. अक्रोडाची झाडे, चिनी बोरांची झाडे, आणि टेंभुर्णीच्या कुळातले एक मोठे नारिंगी फळ येते, त्याचीही झाडे जागोजाग. घरांच्या धाब्यांवर मक्याची कणसे वाळत घातली होती. कोरडवाहू मुलूख, थोडा पाऊस, कष्टाळू माणसे. एका बार्शीच्या शेतकऱ्याने सहज म्हटले, “थंडी सोडली तर आपल्याच गावाला आल्यासारखं वाटतंय.” थंडी मात्र तिकडची खरी. हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली उतरतो. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाने अशा थंडीत, तेही लढाईच्या धामधुमीत, हिवाळ्यामागून हिवाळे कसे काढले असतील, हा विचार आमच्या सर्वांच्याच मनात आला.

पाच डॉक्टर निघाले

ही हकीकत मुळापासून सांगितली पाहिजे. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सैन्याजवळ माणसे होती, पण डॉक्टर नव्हते, औषधे नव्हती. तेव्हा सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र पाठवून डॉक्टर व औषधे यांची मदत मागितली. १९३८ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केले. ‘चीन दिन’ पाळून २२,००० रुपये जमवण्यात आले. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या संकटग्रस्त देशासाठी झोळी फिरवली, ही लहान गोष्ट नव्हे.

पाच डॉक्टर जायला तयार झाले. अलाहाबादचे डॉ. अटल हे प्रमुख. ते त्याआधी स्पेनमधील यादवी युद्धात जखमींची सेवा करून आले होते. नागपूरचे डॉ. चोळकर उपप्रमुख. कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी. आणि पाचवे सोलापूरचे कोटणीस. त्यांनी मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून पदवी घेतली होती आणि पुढच्या शिक्षणाची तयारी चालली होती. त्या काळी सोलापूरच्या घरातल्या माणसांना चिनी लोकांची ओळख ती किती? गाठोडे घेऊन दारोदार रेशीम विकत फिरणारे फेरीवाले, एवढीच. तिथे आपला मुलगा लढाईत जाणार हे ऐकून आईच्या काळजाचे काय झाले असेल ते सांगायला नको. तरीही घरच्यांनी परवानगी दिली.

१ सप्टेंबर १९३८ रोजी या पथकाने मुंबई बंदरातून ‘राजपुताना’ बोटीने प्रस्थान केले. १७ सप्टेंबरला ते कँटनला पोहोचले. तिथे डॉ. सन यत्सेन यांच्या पत्नी सुंग चिंगलिंग यांनी त्यांचे स्वागत केले. तेथून हांकौ, तेथून यीचांग, तेथून चुंगकिंग, असा त्यांचा प्रवास युद्धाच्या तोंडातून झाला. ऑक्टोबर महिन्यात कँटन आणि हांकौ ही दोन्ही शहरे जपान्यांच्या हाती पडली.

वाटेत या पाचही जणांनी चिनी नावे घेतली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’ हा शब्द जोडला होता. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचे नाव झाले को तिहुआ. पुढे गावकरी त्यांना नुसते ‘लाओ को’, म्हणजे आपल्याकडच्या ‘जुन्या जाणत्या’ माणसाला हाक मारावी तसे, म्हणू लागले.

चुंगकिंगमध्ये असतानाच जानेवारी १९३९ मध्ये घरून वाईट बातमी आली. वडील वारले. आता घराची जबाबदारी मोठी. सहकाऱ्यांनी त्यांना परत जाण्यास सांगितले. कोणीही नाव ठेवले नसते. पण ज्या कामाला आलो ते अजून सुरूही झालेले नाही, असे म्हणून ते थांबले. १२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनानला पोहोचले. पिवळ्या मातीच्या टेकड्यांत कोरलेल्या गुहांमधून तिथे माणसे राहत, शाळा भरत आणि रुग्णालयही चाले.

खताच्या टोपल्यांवरून औषधाच्या पेट्या

गेगुंगची कथा कळण्यासाठी आणखी एका परदेशी डॉक्टरांची ओळख करून घ्यावी लागते. ते म्हणजे कॅनडाचे शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बेथून. भारतीय पथकाच्या आधी काही महिने, १९३८ साली, ते चीनमध्ये आले आणि थायहांगच्या मुलखात जपानी फौजांच्या पिछाडीला काम करू लागले.

बेथून यांनी आरंभी एका खेड्यात आदर्श रुग्णालय उभारले. जपान्यांनी ते उद्ध्वस्त केले. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की इथे एका जागी खिळलेले रुग्णालय कामाचे नाही. रुग्णालय खेचराच्या पाठीवर बसून जखमी माणसापर्यंत गेले पाहिजे. पण ते लादायचे कसे? त्या डोंगरात शेतकरी जनावराच्या पाठीवर दोन्ही अंगांना टोपल्या बांधून शेतात खत वाहून नेत. बेथून यांनी ते पाहिले आणि त्याच धर्तीवर गावच्या सुतारांकडून औषधांचे खोगीर बनवून घेतले. खेचरावर लादता येईल अशा त्या पेट्यांत शंभर शस्त्रक्रिया आणि पाचशे मलमपट्ट्या होतील एवढे सामान मावे.

ही गोष्ट मी तिथल्या स्मारकात ऐकली तेव्हा आमच्या शेतकऱ्यांनी माना डोलावल्या. बाहेरून शहाणा माणूस आला आणि खताच्या टोपलीकडे पाहून शहाणपण घेऊन गेला, हे त्यांना मनापासून आवडले. आम्हां विस्तार कार्यकर्त्यांनाही हा धडा घेण्यासारखा आहे. गावाला काही शिकवायचे असेल तर गावाजवळ आधीच काय आहे ते पहिल्यांदा पाहावे.

सप्टेंबर १९३९ मध्ये बेथून यांच्या पुढाकाराने त्या मुलखात एक आरोग्य शाळा सुरू झाली. एकट्याने किती शस्त्रक्रिया करणार? शिकवलेली माणसे हवीत, हे त्यांनी ओळखले होते. पण शाळेला दोन महिने होतात न होतात तोच शस्त्रक्रिया करताना बेथून यांच्या बोटाला जखम झाली, रक्तात विष भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी तांग तालुक्यातच ते वारले. शाळेला त्यांचे नाव देण्यात आले. मागे राहिली ती शाळा, तिची मुले आणि रिकामी झालेली गुरुजींची जागा.

चिनी अक्षरे गिरवणारा डॉक्टर

इकडे भारतीय पथकातले चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच परत आले. अटल यांनाही त्वचेच्या विकाराने त्रास झाला व १९४० च्या आरंभी ते परतले. पथकाची मूळ मुदत एक वर्षाची होती. ती संपून गेली होती. बसू आणि कोटणीस हे दोघे मात्र पुढे निघाले. जपानी पहाऱ्यातला लोहमार्ग रात्रीच्या अंधारात ओलांडून १९४० साली ते तांग तालुक्यात पोहोचले. जून महिन्यात बेथून यांच्या समाधीचा समारंभ झाला, त्या वेळी ते हजर होते.

त्या वर्षीच्या लढाईत तेरा दिवसांत आठशेंवर जखमी कोटणीसांच्या हाताखालून गेले. एकदा तर सलग ७२ तास ते न झोपता शस्त्रक्रिया करीत होते. ही हकीकत सर्वत्र सांगितली जाते आणि सांगावी अशीच आहे. जानेवारी १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक म्हणून त्यांची नेमणूक झाली. रुग्णालय आणि आरोग्य शाळा यांचे काम एकमेकांत गुंतलेले होते. दिवसा रुग्ण तपासायचे, शस्त्रक्रिया करायच्या आणि त्याच रुग्णांच्या खाटेशी विद्यार्थ्यांना उभे करून शिकवायचे.

हे विद्यार्थी कोण होते? बहुतेक शेतकऱ्यांची मुले. कोणी सैन्यातून आलेला, कोणी जेमतेम लिहिता-वाचता येणारा. त्यांना इंग्रजी येत नव्हते. आणि शस्त्रक्रियाशास्त्राची कोटणीसांची सारी विद्या इंग्रजीतून झालेली! दुभाष्या ठेवून शिकवता आले असते. पण दुभाष्याच्या तोंडून शिकवणे म्हणजे चाळणीतून पाणी नेण्यासारखे. कोटणीसांनी येनानपासूनच चिनी भाषा नेटाने शिकायला घेतली होती. चिनी लिपीत आपल्यासारखी बाराखडी नाही. शब्दागणिक वेगळी अक्षरचित्रे पाठ करावी लागतात. तिशीच्या घरात आलेल्या या डॉक्टरांनी ती शाळकरी पोराच्या चिकाटीने गिरवली. पुढे ते दुभाष्यावाचून चिनी भाषेत वर्ग घेऊ लागले. एवढेच नव्हे, तर विद्यार्थ्यांच्या हाती देण्यासाठी शस्त्रक्रियेच्या मूलतत्त्वांवर त्यांनी चिनी भाषेत पुस्तक तयार केले.

वाचकहो, आपल्या विद्यापीठांत चांगले संशोधन होते. पण ते शेतकऱ्यांच्या भाषेत उतरवायला किती वर्षे जातात ते मी जवळून पाहिले आहे. इथे तर परका माणूस, परकी भाषा, वर लढाई. १९४१ पासून जपानी फौजांनी त्या मुलखात गावेच्या गावे जाळण्याचा सपाटा लावला होता. फौज येते अशी वर्दी आली की सामान खेचरांवर लादायचे, जखमींना गावकऱ्यांच्या घरांत लपवायचे आणि विद्यार्थ्यांना घेऊन डोंगरात निघायचे. शिकवणे मात्र थांबू द्यायचे नाही.

काळी आई

त्या शाळेत को चिंगलान नावाच्या तरुणी परिचर्या शिकवीत. त्यांची आणि कोटणीसांची ओळख झाली, स्नेह जडला आणि नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांनी लग्न केले. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. त्याच वर्षी जुलैमध्ये कोटणीसांनी चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व घेतले होते. त्यांच्या राजकीय मताशी कोणी सहमत असो वा नसो, ज्यांच्यात राहिले त्यांच्यातलेच एक होण्याचा त्यांचा निर्धार त्यावरून दिसतो.

गावातल्या एका अंगणात आम्ही बसलो होतो. आमच्याबरोबरची दुभाषी मुलगी एका वृद्ध गृहस्थांशी बोलत होती. लहानपणी घरात ऐकलेल्या गोष्टी ते सांगत होते. बोलता बोलता ‘हेइ मामा’ असा शब्द दोनदा आला. मी अर्थ विचारला. मुलगी म्हणाली, “जखमी सैनिक डॉक्टरांना प्रेमाने तसे म्हणत. त्यांचा रंग काळा होता आणि ते आईसारखी काळजी घेत. हेइ म्हणजे काळी, मामा म्हणजे आई. काळी आई.”

आमची माणसे एकदम गप्प झाली. मंगळवेढ्याच्या काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. थोड्या वेळाने ते मुलीला म्हणाले, “बाई, यांना सांगा, आमच्याकडं काळी आई कुणाला म्हणतात ते.” मी सांगितले, मुलीने त्यांच्या भाषेत केले: आमच्याकडे शेतकरी आपल्या जमिनीला काळी आई म्हणतो. त्या वृद्ध गृहस्थांनी ते ऐकले, मान हलवली आणि आत जाऊन आमच्यासाठी वाळलेल्या बोरांची एक थाळी घेऊन आले.

फेफऱ्याच्या विकाराने कोटणीसांची प्रकृती खालावत चालली होती. विश्रांती घ्या, उपचारांसाठी दुसरीकडे जा, असे त्यांना सांगण्यात आले. पण त्यांनी काम सोडले नाही. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या पुस्तकाचे लेखन चालू होते. ८ डिसेंबर १९४२ च्या रात्री ते लिहीत बसले असताना फेफऱ्याचा झटका आला आणि उत्तररात्री त्यांची प्राणज्योत मालवली. पुस्तक अपुरे राहिले.

माओ त्से तुंग व चू तेह यांनी त्यांच्याविषयी शोकसंदेश लिहिले. तांग तालुक्यात त्यांचे दफन झाले. पुढे शीच्याच्वांग येथील हुतात्मा स्मारकात त्यांची समाधी हलवण्यात आली. तिथे एका बाजूला बेथून यांची व दुसऱ्या बाजूला कोटणीसांची समाधी आहे. एप्रिलच्या सुरुवातीला चिनी लोकांचा पितरांना स्मरण्याचा सण येतो. त्या दिवशी लोक येऊन समाधीवर फुले वाहतात.

सोलापुरात रोगी नव्हते काय?

परतताना गाडीत चर्चा निघाली. एका तरुण शेतकऱ्याने रोखठोक विचारले, “साहेब, सोलापुरात त्या वेळी रोगी नव्हते का? आपल्या खेड्यांत डॉक्टर होते का? मग इतक्या लांब जाऊन मरायचं कशाला?”

प्रश्न खरा आहे. आणि त्यात घरच्यांच्या दुःखाचा हिशेबही धरला पाहिजे. सोलापूरच्या आईला मुलगा पुन्हा दिसला नाही. चिंगलानबाई तीन-साडेतीन महिन्यांचे मूल घेऊन विधवा झाल्या. तो मुलगा यिनहुआ मोठा होऊन वैद्यकीय शिक्षण घेत होता. पण १९६७ साली पंचविशीही पुरी व्हायच्या आत तोही गेला. चिंगलानबाई पुढे अनेकदा भारतात आल्या, कोटणीस कुटुंबाला भेटल्या, हे नाते त्यांनी जन्मभर सांभाळले. २०१२ साली त्या वारल्या. १९६२ मध्ये दोन्ही देशांत युद्ध झाले, संबंध बिघडले, सुधारले, पुन्हा बिघडले. या सगळ्याचा भार एका घराने सोसला. त्यागाच्या गोष्टी सांगताना आपण घरच्यांना विसरतो, ते बरे नव्हे.

तरीही त्या तरुणाला मी एक गोष्ट सांगितली. कोटणीसांनी आठशे जखमी तपासले, ते आठशे लोक कधीच काळाआड गेले असतील. पण शाळा उरली. बेथून यांनी सुरू केलेली आणि कोटणीसांनी जिच्यात शिकवले ती आरोग्य शाळा वाढत गेली. तिची एक शाखा आज चीनच्या चिलिन विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागाच्या रूपाने उभी आहे. ज्या रुग्णालयाचे कोटणीस संचालक होते, ते शीच्याच्वांगमध्ये अजून चालू आहे. १९९२ साली त्याच शहरात कोटणीसांच्या नावाने एक वैद्यकीय विद्यालय निघाले. २०२० सालापर्यंत तिथून ४५,००० वर विद्यार्थी शिकून बाहेर पडले. नवे विद्यार्थी कोटणीसांच्या पुतळ्यासमोर उभे राहून सेवेची शपथ घेतात.

शिवाय विद्येची ही देवघेव एकतर्फी राहिली नाही. कोटणीसांचे सोबती डॉ. बसू १९४३ मध्ये मायदेशी परतले. १९५८ मध्ये ते पुन्हा चीनला गेले आणि ॲक्युपंक्चर, म्हणजे सुया टोचून करायचा उपचार, शिकून आले. कलकत्त्यात त्यांनी तो सुरू केला आणि इतरांना शिकवला. शिकवायला गेलेला माणूस शिकूनही येतो.

तरुणाचे यावर समाधान झाले की नाही, सांगता येत नाही. तो खिडकीबाहेर पाहत राहिला. असे प्रश्न एका उत्तराने मिटत नाहीत.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

हा प्रश्न मलाही लवकरच घरात भेटला. माझी पुतणी परिचर्या महाविद्यालयात शिकवते. आफ्रिकेतील एका देशात सुईणींना शिकवण्यासाठी वर्षभर स्वयंसेवक म्हणून जाण्याची संधी तिला आली. भाऊ माझ्याकडे आला व म्हणाला, “दादा, तू तरी तिला समजाव. इथं काय कमी काम आहे?” वहिनी काही बोलल्या नाहीत, नुसते डोळे पुसत राहिल्या. आज आपल्या शेतकरी घरांतली कितीतरी मुले-मुली डॉक्टर, परिचारिका झाली आहेत. असा प्रसंग उद्या वाचकांपैकी कोणाच्याही घरी येऊ शकतो. म्हणून पुतणीला जे सांगितले तेच इथे लिहितो. जा किंवा जाऊ नको असे मी सांगितले नाही. जायचे ठरलेच तर गेगुंगला पाहिलेल्या चार गोष्टी ध्यानात ठेव, एवढे म्हणालो.

पहिली गोष्ट भाषेची. जाण्यापूर्वी शिकायला लाग आणि गेल्यावर थांबू नकोस. ज्या सुईणीला शिकवायचे तिच्या भाषेत तिला हाक मारता आली पाहिजे.

दुसरी गोष्ट साधनांची. इथल्या रुग्णालयातली यंत्रे तिथे शोधू नकोस. तिथल्या घरात, तिथल्या सुताराजवळ, तिथल्या बाजारात काय मिळते ते पाहा आणि त्यावर शिकव. खताची टोपली विसरू नकोस.

तिसरी गोष्ट, स्वतः बाळंतपणे किती केलीस यावर आपले काम मोजू नकोस. तू परत आल्यावर किती सुईणी तुझ्यावाचून ते काम नीट करतील, यावर मोज. आमच्या खात्यातही हेच आहे. अधिकारी बांधावर उभा असेपर्यंत प्रत्येक प्रात्यक्षिक प्लॉट चांगला दिसतो. अधिकाऱ्याची बदली झाल्यावर शेजारच्या चार शेतकऱ्यांनी तसे पीक घेतले, तरच प्रात्यक्षिक यशस्वी झाले.

चौथी गोष्ट घरची. पत्र, फोन नियमित कर. कोटणीसांच्या आईला एका पत्रासाठी महिनोन्‌महिने वाट पाहावी लागे. तुझ्या आईला ती पाळी आणू नकोस. आणि स्वतःच्या प्रकृतीची हेळसांड करू नकोस. विश्रांती घेणारा शिक्षक अधिक दिवस शिकवतो. कोटणीसांचे अपुरे पुस्तक पुरे झाले असते तर कोणाला नको होते?

पुतणी गेली. जाण्यापूर्वी चार महिने तिने तिथल्या भाषेचे धडे गिरवले. दर रविवारी ती आईला फोन करते. वहिनी अजूनही फोन ठेवल्यावर डोळे पुसतात; पण परवा मला म्हणाल्या, “भावजी, तिनं तिथल्या बायकांना आपलं झबलं शिवायला शिकवलं म्हणे.” त्यांच्या बोलण्यात काळजी होती तसा अभिमानही होता.

गेगुंगपर्यंत जाणे सर्वांना शक्य नाही. सोलापूरला जाणे मात्र पुष्कळांना जमेल. तिथे भैय्या चौकाच्या परिसरात कोटणीसांचे घर स्मारक म्हणून जपले आहे. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला किंवा बाजाराच्या कामाने सोलापूरला गेलात तर मुलांना घेऊन तासभर तिकडे जरूर जावे. या घरातून एक मुलगा निघाला, त्याने परक्यांची भाषा शिकली आणि शेतकऱ्यांच्या पोरांना डॉक्टरकी शिकवली, एवढे त्यांना सांगावे. आणि घरी राळा मिळाला तर त्या दिवशी त्याची पेज करावी. कोटणीसांनी त्या डोंगरात असेच अन्न खाऊन दिवस काढले, हे मुलांच्या कायमचे लक्षात राहील.